लिंबाजीची चूल

व्यंकटरावांनी घरात बोलणं बंद केलं त्याला आज आठ दिवस झाले होते, आणि खरं सांगायचं तर घराला त्याचा फारसा त्रास झाला नव्हता. एरवीही त्यांचं बोलणं ते किती. चहा हवा असला की खाकरायचे, पाणी हवं असलं की रिकामा तांब्या फरशीवर ठेवायचे, जरा जोरात. पंचेचाळीस वर्षांच्या संसारात कडूबाईला ही भाषा तोंडपाठ झाली होती. मात्र रुसव्याच्या या आठ दिवसांतही घराची एक रीत मोडली नव्हती. जेवणवेळेला पहिलं ताट लिंबाजीला वाढलं जायचं. धाकट्या भावाचं जेवण होऊन तो हात धुतोय हे कानावर आलं, की मगच व्यंकटराव पाटावर बसायचे.

ही रीत वडील, बन्सीधर आबा, गेले तेव्हापासूनची. आबांनी जाताना जमिनीचं सांगितलं नाही की देण्याघेण्याचं. थोरल्याचा हात धरून एवढंच म्हणाले, "लिंब्याच्या आधी जेवू नको." लिंबाजीचे डोळे तो तीन वर्षांचा असताना देवीत गेलेले. आबांना भीती होती की हा पोरगा कुणाच्या उरल्यासुरल्यावर जगेल. व्यंकटरावांनी चौतीस वर्षं तो शब्द पाळला. तापात पाळला, लग्नाच्या पंगतीत पाळला, शेतातून उपाशी आल्यावरही पाळला. निमटाकळीत कुठे भावाभावांत वाकडं आलं की लोक म्हणायचे, "जरा व्यंकटरावाकडं बघून शिका." हे ऐकायला व्यंकटरावांना फार आवडायचं. त्यात वाईट काही नाही. माणसाजवळ मिरवायला एखादी तरी गोष्ट असावी.

आज मंगळवार होता. लिंबाजीच्या सरकारी पगाराच्या अर्जाची चौकशी करायला तलाठीबाई दुपारी येणार होत्या आणि व्यंकटरावांनी अजून सही दिलेली नव्हती. त्यांनी एकच केलं होतं. काल सेलूला बहिणीला फोन लावून, "उद्या ये," एवढं म्हणून तो ठेवला होता.

रुख्मिणी पहिल्या गाडीनं निघाली, पाथरीला गाडी बदलली आणि साडेनऊला फाट्यावर उतरली. व्यंकटरावांचा मुलगा हरिओम मोटरसायकल घेऊन उभाच होता. त्यानं वाटेत आत्याला सगळं सांगितलं, पण असं सांगितलं की तो कुणाच्या बाजूचा आहे हे तिला कळू नये. वीज उपकेंद्रावर कंत्राटी नोकरी करणाऱ्या माणसाला दोन तारांच्या मधून सांभाळून जायची सवय असते.

ओसरीवर लिंबाजी बाज विणत बसला होता. शेजारच्या बायनाबाईची बाज, निळ्या नायलॉनच्या पट्टीची. पावलं ऐकून तो म्हणाला, "आक्का, चप्पल नवी घेतलीस. डाव्या पायाला चावायली का?"

रुख्मिणी हसली, आणि मग आपण गंभीर कामाला आलोय हे आठवून तिनं तोंड सरळ केलं. व्यंकटरावांनी आठ दिवसांचं बोलणं साठवून ठेवलं होतं. ती टेकायच्या आत त्यांनी सुरुवात केली.

"रुख्मे, तू सांग. मी मेलो का?"

"काय बोलायलाव दादा सकाळी सकाळी."

"जित्ता हाय ना मी? मंग ह्याला निराधार कामून लिवायलेत? सरकारच्या कागदावर लिंबाजी बन्सीधर, निराधार. गावानं वाचावं, सोनपेठच्या कचेरीनं वाचावं. आन वर मलाच म्हणायचं, रेशन कार्डातून ह्याचं नाव कमी करायला सही द्या. नाव कमी कुणाचं करत्यात, तुला ठाव हाय का न्हाई?"

रुख्मिणीला चांगलं ठाऊक होतं. याच घराच्या कार्डातून तिचं नाव लग्नानंतर कमी झालं होतं. पुढे आबांचं झालं, मग आईचं. कार्डातून नाव दोनच प्रकारच्या माणसांचं कमी होतं, गेलेल्यांचं आणि दिलेल्या लेकींचं.

"ह्यो मेला बी न्हाई, आन ह्याला नांदायला बी धाडायचा न्हाई," व्यंकटराव म्हणाले.

"मला कोण नांदायला नेतंय दादा ह्या वयात," लिंबाजी पट्टी ओढत म्हणाला. "ठाव असंल एखादी तर बघा."

आतून सविताचं हसू ऐकू आलं आणि लगेच दाबलं गेलं. व्यंकटरावांनी त्याच दिशेला बोट केलं.

"ही बघ. ही शिकलेली सून. हिनंच ह्याला बाजाराच्या दिवशी सोनपेठला नेलं, हिनंच अर्ज भरला. आठ दिवसांखाली इचारलं तर मान खाली."

सविता दारात येऊन उभी राहिली. मान खालीच होती. सासऱ्याला ती मामा म्हणायची आणि त्यांच्यासमोर आजवर तिनं आवाज चढवला नव्हता. "मामा, अर्जात वाईट काही न्हाई," ती म्हणाली. "आपल्या कार्डावर हरिओमचा पगार हाय. त्यामुळं घराचं उत्पन्न मर्यादेच्या वर जातंय. काकांचं एकट्याचं दीड एकर कोरडवाहू, ते मर्यादेत बसतंय. म्हणून कार्ड यगळं लागतंय. अपंगाला हा पगार सरकार देतंय, भीक न्हाई."

"पगार म्हण, न्हाईतर खैरात म्हण. इज्जत कुणाची जायली?"

रुख्मिणी भावाच्या बाजूनं बोलायचं ठरवूनच आली होती. थोरल्या भावानं तिची दोन बाळंतपणं काढली होती, ती कशी विसरणार. "सविता, तुझं चुकलंच बघ," ती म्हणाली. "आधी मोठ्या माणसाला इचारायचं असतंय. लोकं काय म्हणतील? भावाची जमीन खाल्ली आन त्याला निराधार केला, असंच म्हणतील ना?"

तेवढ्यात कडूबाई चहाचा तांब्या आणि कपबशा घेऊन बाहेर आली. तिनं सगळ्यांना चहा ओतला, नवऱ्याच्या बशीत जरा जास्त, आणि मग पदराला हात पुसत म्हणाली,

"वन्सं, सविताचं नाव घेऊ नका. भाऊजीला सोनपेठला मी नेलं."

व्यंकटरावांची बशी ओठापाशीच थांबली.

"मी नेलं," कडूबाई पुन्हा म्हणाली. "सविताला म्हणलं, तू गप ऱ्हा, ते माझ्यावर चिडले तर जेवायचे न्हाईत, तुझ्यावर चिडले तर नुसते बोलायचे न्हाईत. पोरीनं आठ दिवस माझ्या वाटचा रुसवा सोसला."

घरात कोण कुणाच्या बाजूला आहे याचा हिशोब व्यंकटराव मनात नेहमी पक्का ठेवत. त्यात बायको त्यांच्या शेजारी धरलेली होती. ती उठून पलीकडे जाऊन बसली आहे, हे त्यांना आज कळलं.

"कामून?" ते म्हणाले. आवाज बराच खाली आला होता.

"कावेरीच्या लग्नात मी भाऊजीच्या शेजारी बसले व्हते, म्हणून."

कावेरी ही रुख्मिणीची लेक. दोन वर्षांपूर्वी तिचं लग्न सेलूला थाटात झालं होतं. रुख्मिणीनं कप खाली ठेवला.

"भाऊजीनं भाचीसाठी बाज इणली व्हती," कडूबाई सांगू लागली. "लाल-पिवळ्या पट्टीची. मधी चौफुला, कडंला साखळी. बावीस दिवस इणत व्हते. बोटाला फोड आले. आपल्या गाडीत घालून नेली. मंडपात आहेर सुरू झाला, मायकात नावं घ्यायलेत. भाऊजी सारखे इचारायलेत, वैनी, बाजंचं आलं का? म्हणलं, येईल. मंग मायकवाला म्हणला, नवरीचे मामा व्यंकटराव बन्सीधर यांच्याकडून बाज. झालं. फुडचं नाव सुरू."

"मंग? पट्टी मी आणली व्हती परभणीहून," व्यंकटराव म्हणाले. "लाकूड आपल्या बांधावरचं."

"बरोबरच व्हतं की ते," लिंबाजी मध्येच म्हणाला. त्याचे हात थांबले नव्हते. "पट्टी दादाची, लाकूड दादाचं. मपले फकस्त हात. वैनी, तू उगंच काढलंस."

"तुमी त्या दिवशी जेवला न्हाईत भाऊजी. पोट दुखतंय म्हणलाव. मला काय कळत न्हाई?"

रुख्मिणीला ती चिठ्ठी आठवली. आहेराच्या नावांची चिठ्ठी तिनंच लिहून मायकवाल्याकडे दिली होती, आणि लिहिताना तिच्या मनात दुसरं नाव आलंसुद्धा नव्हतं. आंधळ्या माणसाला लग्नात दिसत काहीच नाही, तो फक्त ऐकायला जातो. एवढी साधी गोष्ट सख्ख्या बहिणीला सुचली नाही, याची तिला मनापासून लाज वाटली.

"चिठ्ठी मी लिवली व्हती," ती म्हणाली. "दादा, तुमी मला बोलवलं, पण मी काय तुमच्याकडून बोलू? माझी लेक त्या बाजंवर निजती. तिला इचारलं तर ती बी म्हणती, व्यंकटमामानं दिली."

व्यंकटराव उठले. टोपी घालायला विसरले आणि तसेच मागच्या अंगाला निघून गेले.

मागे कापसाची खोली होती. कापूस विकला गेला की ती वर्षातले सहा महिने रिकामी असायची. गेल्या महिनाभरात तिला चुना लागला होता, आणि लिंबाजी हल्ली तिथेच झोपतो हेही व्यंकटरावांना माहीत होतं. उकाडा आहे, झोपू दे, असं त्यांना वाटलं होतं. दारापाशी कडूबाई मातीची चूल घालताना त्यांनी पाहिली होती. आंघोळीच्या पाण्यासाठी असेल, असं त्यांनी स्वतःच ठरवून टाकलं. विचारलं नव्हतं. न विचारता ठरवून टाकणं ही त्यांची जुनी खोड.

आता ते दार ढकलून आत गेले. चूल कोपऱ्यात बसवलेली होती आणि तिच्यात कालची राख होती. तवा होता, काठवट होती, फळीवर पत्र्याचे डबे होते. तीन डब्यांच्या कानांना नायलॉनच्या पट्टीचे तुकडे बांधलेले. एकाला एक गाठ, दुसऱ्याला दोन, तिसऱ्याला तीन.

त्यांनी एका गाठीचा डबा उघडून बोट बुडवलं. मीठ होतं.

म्हणजे हा खरंच रांधतोय. व्यंकटरावांना राग यायला हवा होता. आला नाही. त्यांना भीती वाटली, आणि कसली ते कळायला थोडा वेळ लागला. लिंबाजीच्या आधी न जेवणारा व्यंकटराव, ही त्यांची गावातली ओळख होती. लिंबाजी स्वतःच्या चुलीवर जेवायला लागला, तर त्यांनी कुणाच्या आधी जेवायचं नाही? मग उरेल तो तीन एकरवाला एक म्हातारा, चारचौघांसारखा. हा विचार त्यांना आवडला नाही, पण तो खरा होता आणि तो तिथेच बसून राहिला.

"मामा."

सविता दारात होती. तिच्या हातात त्यांची टोपी होती.

"किती दिवस झाले हे?" त्यांनी चुलीकडे बघत विचारलं.

"महिना झाला. तुमी शेतात गेलाव की दुपारी शिकायलेत. पहिल्या चार भाकरी कुत्र्यानं हुंगून सोडून दिल्या." सविताला हसू आवरेना. "आता जमायली. भाकरी फुगली की वाफ सोडती ना, तो आवाज वळखतात. माझी करपती कधीमधी, त्यांची करपत न्हाई."

"हे कशाला पण? कागदावर कार्ड यगळं केलं असतं. जेवायचं आमच्यातच. समदे तसंच करत्यात."

"सोनपेठला अर्ज भरणारा बी हेच म्हणला. काका म्हणले, खोटं सांगून मपल्या नावावर पैसा आणू? मंग ते नाव कशाला पायजे." तिनं टोपी पुढे केली. "त्यांनी खोली आधीच मागून घेतली व्हती मामा. म्हणले, यगळं लिवायचं तर यगळं ऱ्हायचं."

व्यंकटरावांनी टोपी घातली. बन्सीधर आबाही असेच होते, बाजारात वजन भरताना मूठभर जास्तच टाकायचे. हा गुण आपल्यात आला असं व्यंकटराव आजवर समजत होते.

तलाठीबाई साडेबाराला स्कूटीवरून आल्या. निवेदिता मॅडम. वय तिशीच्या आसपास, डोक्याला रुमाल, खांद्याला फायलींची पिशवी. त्यांना अजून दोन गावं करायची होती. शेजारची बायनाबाई आपली बाज कुठवर आली हे बघायला आली होती, ती पंच म्हणून बसली. तिला म्हातारपणाचा पगार तीन वर्षांपासून चालू होता आणि या विषयात आपला अधिकार मोठा आहे असं ती मानायची.

"अर्जदार कोण?"

"मी. लिंबाजी बन्सीधर."

"अपंगत्वाचं प्रमाणपत्र आहे ना काका?"

"हाय की. शंभर टक्के." लिंबाजीनं पिशवीतून कागद अचूक काढला. "आमच्या खानदानात शंभर टक्के मिळवलेला मी एकलाच. हरिओमला दहावीला अडतीस व्हते."

हरिओम मोबाइलमध्ये बघू लागला. मॅडमही हसल्या.

"स्वयंपाक कोण करतं?"

"मीच."

"म्हणजे कुणी मदतीला?"

"चला, दाखवतो." तो उठला आणि पुढे झाला. काठी घेतली नाही. दारापाशी थांबून म्हणाला, "उंबरा हाय मॅडम, जपून. नवा माणूस इथं ठेचाळतो."

मॅडमनी चूल पाहिली, राख पाहिली, डब्यांच्या गाठी मोजल्या. "ह्या कशासाठी?"

"एक गाठ मीठ, दोन गाठी तिखट, तीन गाठी येसर, आमटीला लावायचं मसाल्याचं पीठ. धान्याला गाठ न्हाई, ते हाताला कळतंय."

मॅडमनी ते लिहून घेतलं. मग ओसरीवर येऊन त्यांनी रेशन कार्ड मागितलं. ते देवघरातल्या पत्र्याच्या पेटीत, प्लॅस्टिकच्या पिशवीत असायचं आणि पेटीची किल्ली व्यंकटरावांच्या करगोट्याला. त्यांनी स्वतः ते काढून आणलं.

"कुटुंबप्रमुख कोण?"

"मी," व्यंकटराव म्हणाले.

मॅडमनी पहिलं पान उघडलं, त्यांच्याकडे पाहिलं, पुन्हा पानाकडे पाहिलं. "काका, इथं प्रमुख कडूबाई व्यंकटराव आहेत. फोटोही त्यांचाच आहे. नवीन कार्डांवर घरातली मोठी बाईच प्रमुख असते."

बायनाबाईनं पदर तोंडाला लावला. व्यंकटरावांनी कार्ड हातात घेतलं, लांब धरलं, जवळ धरलं. चष्मा लावायची गरज नव्हती. फोटोत कडूबाई होती, डोक्यावरून पदर, चेहरा एखाद्या सरपंचासारखा.

"तुला ठाव व्हतं?"

"दहा-अकरा वर्सं झाली की," कडूबाई म्हणाली. "कार्ड बदललं तवाच."

"मंग सांगितलं कामून न्हाई?"

"तुमी इचारलं न्हाई. आन घर काय कार्डावर चालतंय व्हय?"

"मग संमती यांचीच लागेल," मॅडम म्हणाल्या. "ती झाली आहे का?"

लिंबाजीनं पिशवीतून आणखी एक घडी काढून दिली. खाली साक्षरता वर्गात शिकलेल्या मोठ्या अक्षरांत कडूबाईची सही होती. तारीख बाजाराच्या दिवसाची, म्हणजे नऊ दिवसांपूर्वीची.

व्यंकटरावांनी एकेकाच्या तोंडाकडे पाहिलं. हरिओमला माहीत होतं. सविताला माहीत होतं. म्हणजे आठ दिवस ते ज्या सहीला नाही म्हणत रुसून बसले होते, तिची कागदाला गरजच नव्हती.

"मंग माझी सही कशाला मागायलाव समदे?" ते म्हणाले. "कागद तयार व्हता, मॅडमला देऊन मोकळं व्हायचं. माझी चेष्टा लावलीय का?"

"चेष्टा न्हाई दादा." लिंबाजी त्यांच्या आवाजाकडे वळला. "कागदाला तुमची सही लागत न्हाई. मला लागती."

त्यानं हातातली पिशवी मांडीवर ठेवली.

"तुमच्या मनात नसंल तर मॅडमला आत्ता म्हणतो, माघारी जावा. नऊ दिवस कागद मपल्या पिशवीत हाय, मी दिला न्हाई. पगार न्हाई आला तर मरत न्हाई मी. तुमी जगवलंच की. पण दादा, मला मपल्या पैशाची पट्टी आणायचीय. मपल्या नावाची बाज एकदा मायकात ऐकायचीय. तुमाला सोडून न्हाई, तुमाला सांगून."

व्यंकटरावांनी घसा साफ केला. चहाचा नव्हता तो आवाज, कडूबाईला बरोबर कळलं.

"मॅडम, ते निराधार बदलून दुसरं काही लिवता येतंय का?"

"नाही काका. योजनेचं नावच ते आहे."

"मंग असं लिवा, की भावानं टाकलेला न्हाई."

"तसा रकाना नाही." मॅडमनी पेन थांबवलं. त्यांनाही घरी मोठा भाऊ असावा. "पण शेरा लिहिता येतो. सांगा."

व्यंकटराव उभे राहिले. पंचायतीत ठराव सांगावा तसे सांगू लागले. "लिवा. अर्जदार खुद्द रांधतो. त्याच्या हातची इणलेली बाज अख्ख्या सोनपेठ तालुक्यात न्हाई. शंभर टक्के हाय. खोटं बोलत न्हाई."

"एवढं मावणार नाही काका."

"मावंल तेवढं लिवा."

त्यांनी लिहिलं, 'अर्जदार स्वतंत्र राहतात, स्वतः स्वयंपाक करतात, भावाशी संबंध चांगले.' मग व्यंकटरावांनी संमतीचा कागद मागून घेतला. सहीला जागा उरली होती ती कडूबाईच्या सहीखाली. आजवर कुठल्याही कागदावर त्यांची सही वर आणि तिची खाली असायची. त्यांनी क्षणभर ती जागा पाहिली, 'हरकत नाही' असं स्वतःच्या हातानं लिहिलं, आणि खाली पूर्ण नाव घातलं, आबांच्या नावासकट.

"समितीपुढं जाईल," निघताना मॅडम म्हणाल्या. "होईल असं वाटतं, पण मी शब्द देत नाही."

"व्हतंय," बायनाबाई म्हणाली. "मपला झाला, ह्याचा कामून व्हणार न्हाई? बाज कधी देतूस ते सांग."

लिंबाजीनं मॅडमना जेवायला थांबा म्हटलं. त्यांचा मंगळवारचा उपवास होता. स्कूटीचा आवाज वेशीपर्यंत जाऊन मिटला, तोवर तो ऐकत उभा राहिला. मग म्हणाला,

"दादा, हात धुवा. आज मपल्याकडं जेवायचं."

कापसाच्या खोलीत कडूबाईनं पाट मांडायला हात पुढे केला, तर लिंबाजीनं तिला बाजूला बसवलं. "वैनी, तू बस. लय वर्सं वाढलंस." त्यानं चूल पेटवली, पीठ मळलं, भाकरी थापली. आज सगळे बघत आहेत हे त्याला जाणवत होतं आणि हात नेहमीसारखे चालत नव्हते. आमटीला येसर लावताना मीठ घातलं की नाही ते आठवेना. म्हणून त्यानं एका गाठीचा डबा पुन्हा उघडला. तव्यावरच्या भाकरीनं वाफ सोडली, ती त्यानं ऐकली आणि काढली.

ताट त्यानं व्यंकटरावांपुढे ठेवलं. भाकरी एका बाजूनं जाड होती. वाटीत आमटी, कडेला शेंगदाण्याची चटणी, कांदा बुक्कीनं फोडलेला.

मग तो चुलीपाशी बसून वाट बघू लागला. भाकरी मोडल्याचा आवाज येईना.

"तुझं ताट?" व्यंकटराव म्हणाले.

"मपलं नंतर."

"लिंब्या, तू आधी जेव. आबानं सांगितलंय."

"आबानं सांगितलं ते त्यांच्या घरात," लिंबाजी म्हणाला. "हे मपलं घर हाय. घरी पाव्हणा आल्यावर घरधनी आधी जेवत न्हाई."

रुख्मिणीनं पदराचं टोक डोळ्याला लावलं. कडूबाई नवऱ्याकडे बघत होती. चौतीस वर्षं या माणसानं एक शब्द पाळला होता, आणि तो सोडायलाही तेवढीच छाती लागते हे तिला दिसत होतं. आपला नवरा आणि आपला दीर, दोघांचाही तिला आज फार अभिमान वाटला.

खूप वेळ गेला असं लिंबाजीला वाटलं. मग भाकरी मोडल्याचा आवाज आला. घास आमटीत बुडला. व्यंकटराव चावत होते, सावकाश, नेहमीसारखे.

"कशी झाली?" लिंबाजीनं विचारलं.

मीठ दोनदा पडलं होतं. व्यंकटरावांनी पाण्याचा घोट घेतला, वाटी रिकामी केली आणि ती फरशीवर जरा जोरात ठेवली.

"वाढ अजून," ते म्हणाले.